उत्तनचा बोंबील, जिंतूरचा बाजार

मार्चच्या सुरुवातीला मी चार दिवस उत्तनला मुक्काम करून आलो. हे सांगितलं की आमच्या नवघरातले शेजारी हसतात. भाईंदर पश्चिमेहून उत्तनला महापालिकेची बस जाते आणि तासाच्या आत पोचते. माणसं रविवारी जातात, वारा खातात, संध्याकाळी चपलांमधली वाळू झटकून परत येतात. तिथे राहायला कोण जातं? मीसुद्धा इतक्या वर्षांत दोनदाच गेलो होतो, आणि दोन्ही वेळा समुद्राकडे तोंड करून उभा राहून परतलो होतो. पाठीमागे एक अख्खं गाव कामाला लागलेलं असतं, तिकडे मान वळवलीच नव्हती.

या वेळी कारण होतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात मी पॉलिश खात्याचा सुपरवायझर होतो. दिवाळीनंतर मालकानं यंत्रं उचलून गुजरातला नेली. आम्हालाही चला म्हणाला. पण संगीताची, म्हणजे माझ्या बायकोची, मीरा रोडला पूनम सागरजवळच्या दवाखान्यात नोकरी, मुलीचं कॉलेज. मी मागे राहिलो, पण घरात मला राहवेना. सकाळी उठून केबिन रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचो आणि काही न घेता परत यायचो. घरातले नळ खोलून वायसर बदलायचो, जे गळत नव्हते त्यांचेसुद्धा. जेवताना पाय हलायचे, झोपेतही हलायचे. एके दिवशी संगीता म्हणाली, काम मिळेल तेव्हा मिळेल, तोवर कुठे तरी जाऊन या, मला झोप लागत नाहीय.

आमचं मूळ गाव परभणी जिल्ह्यातलं. थोरले भाऊ गेल्यापासून आमच्या वहिनी जिंतूरच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसतात. लहानपणी आमच्याकडे कोणी समुद्र पाहिला नव्हता, पण सुका बोंबील घरात नाही असा आठवडा जायचा नाही. तव्यावर भाजून, लसूण-मिरची लावून ज्वारीच्या भाकरीशी. वहिनींची एकच तक्रार असायची. माल चार हातांतून येतो, जुना असतो, कधी अळी लागलेली असते. पोतं कुठून येतं विचारलं तर म्हणाल्या, तुमच्याच भाईंदरकडून येतं म्हणतात की भावजी.

तेव्हापासून डोक्यात किडा शिरला. मधले हात काढून टाकले तर? कारखान्यात माझ्याबरोबर उत्तनचा रॉबर्ट होता. त्याची आत्या बोंबील सुकवते. त्याला फोन केला, तो म्हणाला, एका दिवसात काही कळणार नाही, माल वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तिथेच राहा.

गुरुवार : बसमधून

भाईंदर स्टेशन सुटलं की थोड्याच वेळात इमारती मागे पडतात आणि मिठागरं लागतात. चौकोनी वाफे, त्यांत आभाळाच्या रंगाचं पाणी, बांधावर मिठाचे ढीग. आमच्याकडे शेताला पाणी देण्यासाठी माणूस रात्र जागवतो, इथे शेतात पाणी आणतात ते आटवण्यासाठी. वाफ्यांपलीकडे तिवरांची गच्च हिरवी रेघ, तिच्या मागे खाडी. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं एकामागून एक येतात आणि रस्ता डोंगराच्या कडेनं चढायला लागतो. एकीकडे खाडी, दुसरीकडे खाडी, समोर समुद्र. पूर्वी याला बेटच म्हणायचे, आणि बसमध्ये बसून ते पटतं.

मी उतरायच्या ठिकाणी उतरलो नाही. खिडकीबाहेर बघण्याच्या नादात पार पुढच्या चौक गावापर्यंत गेलो, तिथून उन्हात पिशवी घेऊन उलटा चालत आलो. रस्ता विचारायची गरज पडली नाही. वास वाढत गेला तसा मी वळत गेलो.

रॉबर्टची आत्या म्हणजे रोझीमावशी, साठीच्या आसपासच्या, काटक, अंगावर फुलाफुलांचं पातळ आणि गळ्यात बारीक क्रूस. रॉबर्टनं माझ्याबद्दल काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "म्हावरं खातोस का न्हाय?"

मी म्हणालो, सुकं खातो, ओला बोंबील कधी खाल्ला नाही. त्यांना ते खरंच वाटेना. ओला बोंबील न खाता माणूस पन्नाशीला कसा पोचतो, हे त्यांनी आत जाऊन नवऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं. जेकबकाका ओटीवर जाळं शिवत होते. ते हसले, पण सुई थांबवली नाही.

दुपारी पानात ओला बोंबील आला. रव्यात तळलेला, वरून कुरकुरीत, आत मऊ लोण्यासारखा. सोबत तांदळाची भाकरी. काटा कसा काढायचा म्हणून मी अडखळत होतो, तर मावशी म्हणाल्या, त्यातला काटा कसला काढतोस, खाऊन टाक. मी संगीतानं डब्यात दिलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा बाहेर काढला. जेकबकाकांनी ठेचा बोटभर चाखला, मग पाणी प्यायले, मग पुन्हा घेतला. त्यांच्या घरी बरणीत वर्षभराचा लाल मसाला होता, आमच्याकडे काळा असतो तसा. मावशींनी त्यात काय काय पडतं ते सांगितलं; मध्येच दोन-तीन नावं खाल्ली. आमच्या वहिनीही तसंच करतात.

माझी सोय जाळी ठेवायच्या खोलीत होती. दोऱ्यांच्या ढिगाला टेकून रात्रभर समुद्र ऐकत पडलो. झोप फारशी लागली नाही.

शुक्रवार : बंदर

पहाटे बंदरावर गेलो तेव्हा बोटी यायला लागल्या होत्या. मोठ्या बोटी खोल पाण्यात थांबतात, छोट्या होड्या माल किनाऱ्याला आणतात. टोपल्या डोक्यावरून वर चढतात. होड्यांवरची मुलं झारखंडची, उत्तर प्रदेशची. एकाशी हिंदीत बोललो. त्याच्या गावाजवळही समुद्र नाही, पहिले कित्येक दिवस त्याला नुसत्या उलट्या झाल्या होत्या म्हणे. उत्तनची तरुण पोरं बोटीवर जायला तयार नाहीत, असं मावशी सांगत होत्या. त्यांचा स्वतःचा मुलगा परदेशी जहाजावर स्वयंपाकी आहे.

ओला बोंबील हातात घेतला तेव्हा मला तो मासाच वाटेना. पारदर्शक, बुळबुळीत, बोटांतून निसटणारा. मावशींच्या खळ्यावर, म्हणजे मासळी वाळवायच्या अंगणात, बांबूचे मांडव आणि त्यांवर ओळीनं दोऱ्या ताणलेल्या. बोंबील टांगायची रीत अशी की दोन मासे घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. दात बारीक पण धारदार. तासाभरात माझ्या बोटांतून रक्त यायला लागलं. मावशी आणि पालघरकडून मजुरीला आलेल्या दोन बायका गप्पा मारत मारत माझ्या पुढे तीन दोऱ्या गेल्या. तरी मी थांबलो नाही. कित्येक महिन्यांनी हाताला काम मिळालं होतं, ते सोडवत नव्हतं.

लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे दिवस होते, त्यातून शुक्रवार. त्या दिवशी घरात मटण-कोंबडी नाही, मासे चालतात. मासे चालणारा उपास मी पहिल्यांदाच पाहिला आणि मनापासून पाळला.

दुपारी जेकबकाका मला किनाऱ्याला घेऊन गेले. ओहोटी होती. पाण्यात बऱ्याच अंतरावर काळे दगड दिसत होते, तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, तिथे माझ्या बापाचं खळं होतं. समुद्र दरवर्षी थोडा थोडा आत येतोय, आणि मागच्या बाजूनं बंगले आणि रिसॉर्ट पुढे येतायत. मासा मात्र लांब लांब चाललाय, त्याच्या मागे जायला डिझेल जास्त लागतं. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गावातल्या भावकीची माहिती द्यावी तसं सांगितलं.

संध्याकाळी शेठ आला. मावशींचा माल नेहमी उचलणारा मुंबईचा सुक्या मासळीचा व्यापारी, जाडसर, हसरा, स्वतः टेम्पो चालवत आलेला. मराठी, गुजराती, हिंदी एकाच वाक्यात बोलणारा. मी कोण हे मावशींनी लपवलं नाही. यातली दोन पोती या भाऊला द्यायचा विचार हाय, असं सरळ सांगितलं. शेठ माझ्याकडे वळून हसला आणि जिंतूरचा बाजार कुठल्या वारी असतो तेसुद्धा बरोबर सांगितलं. मग मावशींना म्हणाला, द्यायचा तर मला सगळा माल द्या. निवडलेला चांगला माल दुसऱ्याला आणि उरलेला मला, असं जमणार नाही. चहा पिऊन तो निघून गेला.

मावशी कप उचलून आत गेल्या. मी खोलीत जाऊन येरझाऱ्या घालायला लागलो, पण जाळ्यांमुळे चार पावलांच्या वर जागा नव्हती.

शनिवार : खळं

सकाळपासून हवा जड होती. आदल्या दिवशीचा बोंबील आक्रसून अर्धा झाला होता, रंग काचेवरून पांढऱ्यावर आला होता. वारा दक्षिणेकडून येत होता. मावशी दर थोड्या वेळानं समुद्राकडे बघत होत्या. फोनवर कुणी म्हणे पाऊस, कुणी म्हणे पालघरकडून निघून जाईल. उतरवून ठेवावा तर अर्धवट वाळलेला माल ढिगात तापतो आणि सडतो. टांगलेला ठेवावा तर भिजतो. मावशींनी टांगलेलाच ठेवला.

जेवणं झाल्यावर आभाळ एकदम खाली आलं. पहिला थेंब पडायच्या आधीच सगळं गाव बाहेर होतं. बायका पदर खोचून, पोरं, म्हातारे, शेजारच्या खळ्यातले मजूर, ज्याच्या हाताला जे लागेल ते ओढत होते. ताडपत्र्या कमी होत्या. कुणी घरातल्या चादरी आणल्या. मावशी दोरीवरून जोड्या ओंजळीनं उतरवून टोपलीत टाकत होत्या. मला ते हळू वाटलं. मी दोरीचं टोकच सोडलं, म्हणजे पूर्ण ओळ एकदम उचलता येईल. पण दोरीवर केवढं वजन असतं याचा मला अंदाज नव्हता. दोरी हातातून सुटली, तिच्याबरोबर मांडवाचा बांबू गेला आणि शेजारच्या दोन ओळीही खाली आल्या. वाळूत. वरून पाऊस.

मी गुडघ्यांवर बसून वाळूतले बोंबील उचलत राहिलो. पाऊस फार वेळ पडला नाही. थांबला तेव्हा मी अजून उचलतच होतो. जेकबकाकांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत चल म्हणाले.

 ओट्यावर बसून मावशींनी माल तीन ढिगांत वाटायला सुरुवात केली. चांगला राहिलेला, पुन्हा धुऊन वाळवता येईल असा, आणि गेलेला. गेलेला ढीग नारळाच्या झाडांना खत म्हणून जातो. मी समोर बसलो आणि त्यांचं बघून वाटायला लागलो. माझ्या हातून पडलेल्या ओळींचा माल मधल्या ढिगात येत होता. पांढरेपणा जाऊन त्याला तांबूस रंग चढला होता.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, मावशी, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, पाऊस तू आणलास काय? पण त्यात हसू नव्हतं.

वहिनींना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, भावजी, भिजलेला माल आणू नका, इथवर येईस्तोवर सडायचा. संगीताला फोन केला. ती म्हणाली, घरी या. मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. पण निघायला पाय उचलेना. घरी जाऊन पुन्हा केबिन रोडवर चालायचं होतं.

रविवार : पाली आणि परत खळं

सकाळी मावशी आणि काका मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला निघाले. मला बरोबर या म्हणाले नाहीत, येऊ नका असंही म्हणाले नाहीत, म्हणून मी गेलो आणि मागे उभा राहिलो. प्रार्थना मराठीत होती. मला वाटलं होतं इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये असेल. आमची बुद्धवंदना पाली भाषेत असते आणि शेजारच्या गावाचं नाव पाली. बाहेर आल्यावर मी काकांना हे सांगितलं तर त्यांनी ते तीन-चार जणांना सांगितलं. नंतर ते मला पालीला घेऊन गेले, कुणाकडून तरी जादा ताडपत्री आणायची होती. तिथेही खळ्याखळ्यावर तेच चित्र होतं. बायका भिजलेला माल पुन्हा टांगत होत्या. रविवार होता, तरीही.

ऊन कडक पडलं. आम्ही मधला ढीग धुऊन पुन्हा दोऱ्यांवर टाकला. या वेळी मी ओंजळीनंच टाकला.

दुपारनंतर शेठचा टेम्पो आला. मला वाटलं तो नाक मुरडेल, परत जाईल. त्यानं खळ्यावर एक फेरी मारली, मधल्या ढिगातला एक बोंबील मोडून पाहिला, गेलेल्या ढिगाकडेही पाहिलं. आणि सगळं उचलतो म्हणाला. भाव कमी लावला, पण चांगल्याचा, भिजलेल्याचा, सगळ्याचा लावला. मग हिशेबाला उद्या येतो म्हणून पुढच्या खळ्यावर गेला.

मी मावशींजवळ गेलो. माझी दोन पोती अजून मिळतील का, असं विचारायला तोंड उघडलं होतं. त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली.

"हा शेठ भाव पाडतो, मला ठाव हाय. पण पाऊस पडला तरी येतो. तू चांगला माल घेशील, भाऊ. भिजलेला कोण घेल?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या, आणि उत्तराची वाट बघत होत्या. मी खळ्याकडे पाहिलं. तांबूस ओळी वाऱ्यावर हलत होत्या, त्यांतल्या तीन माझ्या होत्या. चार दिवस मी मधले हात काढायचं गणित करत होतो, आणि त्या हातांचं काम काय असतं ते आत्ता समोर दिसलं होतं. वहिनींचं बोलणंही कानात होतं.

"अर्धा माल मी भिजलेला घेईन," मी म्हणालो. "एक पोतं चांगलं, एक भिजलेलं. दर वेळी तसंच. उरलेला शेठला द्या."

 मावशी म्हणाल्या, शेठला मी सांगते. त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी शेठ आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही, पण जाताना माझ्या दोन पोत्यांची तोंडं बघून म्हणाला, "आ ढीली छे. सुतळी अजून आवळा, हवा लागेल." आणि स्वतःच वाकून आवळून दिली.

सोमवार : परतीचा रस्ता

पोती घेऊन बसमध्ये चढलो. मागच्या बाजूला कोपऱ्यात ठेवली, वर माझी पिशवी टाकली. चार दिवसांत माझं नाक मेलं होतं. मला वाटलं फारसा वास येत नाही. वाटेतलं डोंगरी गाव सुटेपर्यंत सगळे गप्प होते, कारण तोवर बसमध्ये सगळे तिकडचेच होते. पुढे इस्त्रीच्या शर्टातली माणसं चढली. एकानं रुमाल नाकाला लावला, दुसऱ्यानं कंडक्टरला हाक मारली. एक कोळीण माझ्या बाजूनं भांडायला उठली, तिचं टोपलंही माझ्याच शेजारी होतं. शेवटी कंडक्टरनं हात जोडले आणि मी मुर्ध्याला उतरलो. टोपलंवाली मात्र बसूनच राहिली.

मिठागरांच्या कडेला पोत्यांवर बसून रिक्षांना हात केले. थांबायच्या, वास घ्यायच्या, पुढे जायच्या. एका बर्फाच्या टेम्पोवाल्यानं घेतलं. त्याला काही फरक पडत नव्हता.

घरी संगीतानं दार उघडलं आणि आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. मुलगी म्हणाली, बाबा, अख्ख्या मजल्याला कळलंय. पोती गॅलरीत ठेवली. रात्री संगीतानं दोन्ही पोत्यांतले दोन-दोन बोंबील तव्यावर भाजले, डोळे मिटून आधी एक खाल्ला, मग दुसरा, आणि कुठला कुठला ते तिला ओळखता आलं. भिजलेला किंचित चिवट होता. सडलेला नव्हता.

नंतर : जिंतूर

पुढच्या आठवड्यात पोती घेऊन गावी गेलो. वहिनी भिजलेल्या पोत्याकडे बघून माझ्यावर चिडल्या, आणि ते त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी बाजारात दोन ढीग वेगळे मांडले, पांढरा पुढे, तांबूस मागे. मी म्हणालो, विचारलं तर खरं सांगायचं. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच सांगा.

ऊन चढलं तसा पांढरा ढीग कमी होत गेला. तांबूस ढिगाला कोणी हात लावेना. मी उठून बाजारात एक चक्कर मारून आलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. तेवढ्यात एक म्हातारी आली, हातात कापडी पिशवी. दोन्ही ढिगांसमोर उकिडवी बसली. तांबूस ढिगातला एक उचलून तिनं मोडला, वास घेतला आणि असा का दिसतोय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आजी, हा दोरीवर असताना पावसात भिजला, मग पुन्हा धुऊन वाळवला. म्हणून स्वस्त आहे.

तिनं पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढे धरलं.

"भिजला तर भिजला की बाबा. कालवणात काय कोरडा ऱ्हातो?"